सलालाचा पाला

फुफी सलालाहून यायची असली की आमच्या गल्लीतले लोक आठवडाभर आधीपासून आमची चौकशी जरा जास्तच प्रेमानं करायचे. भिंगारमध्ये तेव्हा आखातात गेलेलं माणूस म्हणजे चालतंबोलतं दुकान. कुणाचा मुलगा मस्कतहून टेपरेकॉर्डर आणायचा, कुणाचा जावई वाघाचं चित्र असलेली जाडजूड ब्लँकेटं. आमची फुफी, म्हणजे अब्बांची धाकटी बहीण जैबुन्निसा, रिक्षातून उतरायची ती छातीशी प्लायवूडच्या दोन फळ्या धरून. फळ्यांना सुतळी करकचून बांधलेली, मधे अरबी वर्तमानपत्रांचा हातभर थर, आणि कागदाच्या प्रत्येक घडीत एक वाळलेलं झाड. मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं एकदा ती सुतळी सोडायला लावली. सोनं निघेल या आशेनं त्यानं एकेक घडी उघडली आणि शेवटी फुफीकडे इतक्या दयेनं पाहिलं, की तिलाच वाटलं, याच्या समाधानासाठी तरी एखादी बांगडी आणायला हवी होती. अम्मी म्हणायची, "लोकांच्या नणंदा सोनं आणतात. माझी नणंद चारा आणते, आणि घरात म्हैस नाही."

आमचं घर बाजाराच्या मागच्या ओळीत, पत्र्याचं. पहाटे अजान, मग छावणीतला बिगुल, आणि मग दिवसभर दादांची शिलाई मशीन. दादा म्हणजे माझे आजोबा, अब्बांचे आणि फुफीचे वडील. हयातभर त्यांनी लष्कराच्या वर्द्या शिवल्या. काम सुटलं तरी नजर सुटली नव्हती, पाहुण्याला सलाम करता करता ते त्याचे खांदे मोजून घ्यायचे आणि तो गेल्यावर सांगायचे, "डावा खांदा उतरलाय बिचाऱ्याचा, कोट कधी नीट बसायचा नाही." घरात आम्ही बोलायचो ती आमची नगरची दखनी. इथं मी सगळ्यांना मराठी बोलायला लावलंय. दादा असते तर त्यांनी नक्की विचारलं असतं, "ये कब बोला मैं?" गोष्ट सांगताना मी मीठ जरा जास्त टाकते, असं आमच्या नात्यात सगळेच म्हणतात, आणि दर लग्नात मलाच सांगायलाही बसवतात. तेव्हा वाचणाऱ्यानं आपापल्या तब्येतीप्रमाणे मीठ काढून घ्यावं.

फुफी लवकर विधवा झाली होती. शिकलेली सातवीपर्यंत, शिवणकाम दादांकडून आलेलं. कुणाच्या तरी ओळखीनं ती मस्कतच्याही पलीकडे, सलालाला एका म्हातारीची देखभाल करायला गेली. अरबस्तान म्हणजे वाळू, एवढंच आम्हाला माहीत. पण तिथल्या डोंगरांवर म्हणे पावसाळ्यात धुकं उतरतं, दिवसरात्र भुरभुर चालते, आणि उघडेबोडके डोंगर राजूरकडच्या डोंगरांसारखे हिरवे होतात. ही तुलना फुफीची. राजूरला ती एकदाच गेली होती, एका वऱ्हाडात, आणि गाडी लागल्यामुळे तिनं डोंगर कमी आणि हातातली पिशवी जास्त पाहिली होती. तर त्या धुक्याच्या दिवसांत म्हातारीला डोंगरावर जायची हौस. मुलगा गाडीनं नेऊन सोडायचा. फुफी सतरंजी अंथरायची, चहा ओतायची, म्हातारीचे गुडघे चेपायची. म्हातारी घोरायला लागली की फुफी उठून आजूबाजूला फिरायची. अशीच फिरताना तिला एके दिवशी खडकाच्या कपारीत माकडशिंग दिसलं.

माकडशिंग आमच्या माळावर पुष्कळ. बिनकाट्याच्या निवडुंगासारखी त्याची चौकोनी बोटं, लहानपणी आम्ही ती मोडून मीठ लावून खायचो. सलालाचं माकडशिंग तसंच, पण फूल निराळं. काळपट लाल, कोटाच्या बटणाएवढं, मखमली, आणि वास मेलेल्या उंदराचा. फुफीनं ते खोलीत नेऊन पलंगाखाली ठेवलं आणि त्या घरातली माणसं सगळी कपाटं सरकवून उंदीर शोधत राहिली. "मला वाटलं, अगं, हिच्या बहिणीला तर मी ओळखते," फुफी सांगायची. मग तिला वाटलं, आणखी कुणाकुणाच्या बहिणी इथं आहेत बघावं. तिथून ते सुरू झालं. पहिल्या वर्षीच्या झाडांना बुरशी आली, दुसऱ्या वर्षीची काळी पडली, तिसऱ्या वर्षीची भिंगारला आल्यावर कसरीनं खाल्ली. तिला शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे तिला रागवायलाही कुणी नव्हतं. झाडाची घडी तशीच ठेवून मधले कागद रोज बदलायचे, मूळ तोडायचं नाही, पान एक उलटं एक सुलटं ठेवायचं, हे सगळं तिचं तिनं काढलं. झाड कुठं मिळालं, फुलाचा रंग ओला असताना काय होता, वास कसा, हे ती वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मराठीत बारीक अक्षरात लिहायची. आज माझी भाची झाडावर मोबाईल धरते आणि मोबाईल नाव सांगतो. परवा त्यानं माझ्या अंगणातल्या कढीपत्त्याला कडुनिंब म्हटलं, तेव्हा मला बरं वाटलं.

मी तेव्हा नगरच्या कॉलेजात सायन्सला होते. घरातली एकमेव शास्त्रज्ञ. जास्वंदीचा उभा छेद काढायला सांगितला की माझा मोडक्या छत्रीसारखा यायचा, पण हे घरी कुणाला कळत नव्हतं. म्हणून फुफीला आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सरांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. सर सावकाश बोलणारे, भला माणूस. त्यांनी फुफीची दोनचार झाडं खिडकीशी धरून पाहिली, काळ्या फुलाच्या माकडशिंगाबद्दल तिनं सांगितलं ते ऐकलं आणि म्हणाले, "ते फुलासकट आणा. नीट वाळवलेला एक गठ्ठा आणा. चांगली असतील ती आपल्या कॉलेजच्या कपाटात ठेवू. प्रत्येक झाडाखाली चिठ्ठी असते, तिच्यावर गोळा करणाऱ्याचं नाव असतं. तुमचं लिहू." परत येताना फुफी बसस्टँडपर्यंत झपाझप चालत आली. मग एकदम म्हणाली, "शमा, नाव पूर्ण लिहितात का गं? का नुसतं आडनाव?"

अडचण एकच होती, आणि ती दादांची होती. दादांना कुराण पढता यायचं. अर्थ कळायचा नाही, तो आमच्यापैकी कुणालाच कळायचा नाही, पण अक्षर ओळखीचं. फुफीचा पहिला गठ्ठा उघडला तेव्हा दादांनी टोपी सारखी केली, चष्मा लावला आणि भिंतीशी उभे राहून एक कागद वाचायचा प्रयत्न केला. वर्तमानपत्रात जेर-जबर, म्हणजे काना-वेलांटीसारख्या खुणा, नसतात, त्यामुळे ते अडखळत होते, पण आवाज कुराण पढतानाचा, तिलावतीचाच. अम्मीनंही डोक्यावर पदर घेतला.

"अब्बा, ती टायरची जाहिरात आहे," फुफी म्हणाली.

"टायरवाल्याचं नाव काय?"

फुफीनं वाकून पाहिलं. तिथं राहून तिला तेवढं वाचता यायला लागलं होतं. "अब्दुल्ला."

"मग?"

अब्दुल्लात अल्लाहचं नाव आलं. म्हणजे तो कागद जमिनीवर ठेवायचा नाही, ओलांडायचा नाही, त्यात काही बांधायचं नाही. आणि फुफीला तर त्या कागदांवर मसाला वाटायचा पाटा ठेवायचा होता, कारण वजनाशिवाय झाड सपाट होत नाही. "नावावर दगड ठेवतेस?" दादा म्हणाले, आणि त्या दिवशी जेवले नाहीत. खरं म्हणजे अम्मीनं फुफीसाठी मटणाचा खिचडा केला होता, तो न जेवणं ही मोठीच गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोड काढली. कुराणालासुद्धा कापडाचं वेष्टन, जुजदान, असतं, म्हणजे बांधायला हरकत नाही. वर्दीच्या पट्ट्याच्या जाड कापडाचे त्यांनी दोन पट्टे शिवले, पितळी बकलांचे, आणि फळ्यांवरून असे आवळले की पाट्याची गरजच राहिली नाही. गठ्ठा मात्र कपाटाच्या माथ्यावर, कुराणाच्या फळीच्या एक पायरी खाली. रोज कागद बदलायचे तर फुफी स्टुलावर चढायची, मी खालून घ्यायचे, आणि दादा मशीन थांबवून बघायचे, एखादा कागद पायाशी पडतोय का. झाड पडलं तर ते काही म्हणायचे नाहीत.

मग सलालाची म्हातारी वारली. देखभाल करायला माणूस नाही, म्हणजे फुफीची नोकरी नाही, व्हिसाही नाही. ती कायमची परत आली, आणि येताना आजवरचा सगळ्यात मोठा गठ्ठा घेऊन आली. या वेळी बुरशी नव्हती, कसर नव्हती. काळ्या फुलाचं माकडशिंग फुलासकट, बोटांसकट, रंग न जाता वाळलेलं होतं. मला तिनं ते दाखवलं तेव्हा कागद दोन्ही हातांनी उघडला. डोंगर आता पुन्हा दिसायचा नव्हता, म्हणून होतं ते एवढंच होतं. सरांना कधी यायचं ते विचारायला आम्ही दोघी सकाळी नगरला गेलो, नमुन्यादाखल चार झाडं घेऊन. निघताना फुफी दादांना म्हणाली, "अब्बा, बदललेले ओले कागद साठलेत, ते मशिदीत देऊन टाका."

आमच्याकडे असं असतं, की कुराणाचं फाटलेलं पान, मुलांचं अलिफ-बेचं जुनं पुस्तक, बिस्मिल्ला छापलेली लग्नपत्रिका, हे केरात जात नाही. मशिदीत एक पोतं असतं, त्यात जमा होतं. पोती भरली की वाहत्या पाण्यात, खोल जागी, दगड बांधून सोडतात. त्याला थंड करणं म्हणतात. आमच्या मशिदीत अजान देणारे बशीरचाचा हे काम करायचे, आणि नगरची सीना कोरडी असल्यामुळे टेम्पोनं थेट प्रवरासंगमला, गोदावरीवर जायचे.

आम्ही दुपारी परत आलो. सरांनी उद्याच बोलावलं होतं. फुफीनं बुरखा काढता काढता कपाटाकडे पाहिलं. माथा मोकळा होता. दोन्ही पट्टे नीट गुंडाळून खिळ्याला लावलेले होते आणि फळ्या भिंतीशी उभ्या होत्या.

"गठ्ठा?"

"दादा घेऊन गेले," अम्मी भाकरी थापत म्हणाली. "बशीरचाचाच्या टेम्पोत. तूच सांगितलंस ना? खूश होते. म्हणाले, इतका कागद आपल्या घरातून कधी गेला नव्हता."

काढलेला बुरखा फुफीनं पुन्हा घातला आणि मला म्हणाली, "चल." अम्मीला तोवर सगळं समजलं होतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटायची सोडली, दोन भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. "ते उपाशी गेलेत," ती म्हणाली. आमच्या घरात कुठलंही संकट आलं तरी अम्मी आधी ते जेवलंय का बघायची.

एसटी औरंगाबादची होती. पांढरीच्या पुलावर ती भेळ खायला थांबली. सगळी बस खाली उतरून भेळ खात होती आणि फुफी सीटवर बसून ड्रायव्हरच्या पाठीकडे बघत होती. मी मनात दुआ मागितली, की टेम्पो पंक्चर होऊ दे. मग आठवलं, टेम्पोत दादा आहेत. मग दुआ बदलून, टेम्पो उभा असताना पंक्चर होऊ दे, अशी केली. त्यापुढं घोडेगाव, नेवासा फाटा, प्रत्येक थांब्यावर कुणीतरी कोंबडी नाहीतर सायकल घेऊन चढत होतं आणि मी त्या प्रत्येकाचा द्वेष करत होते.

पुलाच्या अलीकडे उतरून आम्ही जवळजवळ पळतच नदीकाठी गेलो. टेम्पो होता. बशीरचाचा लुंगी खोचून कमरेइतक्या पाण्यात, आणि काठावर दादा हात बांधून उभे. टेम्पोचा ड्रायव्हर नेवाशाकडचा, बिडी ओढत बसलेला. तोच पहिला बोलला. "लई उशीर केला, ताई. दोन पोती गेली. ही तेवढी ऱ्हायलीत."

"अब्बा," फुफीला धाप लागली होती, "माझी झाडं."

"कुठली? ती तर तू सकाळी नेलीस."

"ती चारच. बाकीची सगळी यात होती."

दादांनी पोत्यांकडे पाहिलं, मग पाण्याकडे. "मला वाटलं, चांगली तू काढून घेतलीस. कागदाला कसर लागू नये म्हणून ठेवलास तो पाला."

आम्ही ट्रंकेत कपड्यांमध्ये कडुनिंबाचा पाला घालतो, तसा. इतकी वर्षं फुफी झाडांसाठी कागद जपत होती आणि दादा कागदांसाठी झाडं. मला तिथं हसू आलं, आणि ते दाबायला मी भाकरीचं फडकं तोंडाशी धरलं.

बशीरचाचा पाण्यातून बाहेर आले. "मियाँ, दिलेलं परत कसं घ्यायचं? नियत करून दिलंय."

दादांनी पोत्याच्या तोंडाची सुतळी बोटानं चाचपली. मग म्हणाले, "कागद दिलाय. झाड कुणी दिलंय? झाडाची नियत मी केलीच नव्हती. सोड ते पोतं."

टेम्पोतली ताडपत्री आम्ही काठावर अंथरली. पोत्यातून लग्नपत्रिका निघाल्या, अलिफ-बेची पुस्तकं, एका जुन्या कॅलेंडरवरचा मक्केचा फोटो, आणि त्यांच्यामधे फुफीच्या घड्या, काही चुरगळलेल्या, काही जशाच्या तशा. झाड उचलायचं, कागद बशीरचाचांकडे द्यायचा. पण उचललेलं झाड ठेवायचं कशात? मी पुलाजवळच्या भेळवाल्याकडे धावले. त्यानं रद्दी द्यायला आढेवेढे घेतले. "भेळ बांधायला काय तुमचा बुरखा घिऊ का?" मग मागोमाग आलेला ड्रायव्हर मधे पडला, "दे की लेका, म्हाताऱ्या मानसाचं काम हाय," आणि कांद्याच्या भावांची मराठी वर्तमानपत्रं मिळाली, तेलाच्या डागांसकट.

दोनतीन झाडं हलवल्यावर फुफी थांबली. कडेला लिहिलेला मजकूर. कुठल्या डोंगरावर, कुठल्या रंगाचं, ते सगळं त्या कागदावर होतं, आणि ते गेलं तर सरांच्या लेखी झाड म्हणजे खरंच पाला. ती कड फाडायला गेली, तर दादांनी तिचा हात धरला. "फाडू नको. अक्षराला लागेल." त्यांनी कोटाच्या खिशातून पोत्यांची सुतळी कापायला आणलेली कात्री काढली, मांडी घातली, आणि कापायला लागले. अरबी ओळ जिथं संपायची तिथून केसभर अंतर ठेवून कात्री सरळ खाली यायची. एकाही अलिफला धक्का नाही. कापलेली पट्टी ते फुफीकडे द्यायचे, कागद बशीरचाचांकडे, आणि दर वेळी विचारायचे, "हे काय होतं?" फुफी सांगायची, "हे त्यांच्याकडं उंटाला देतात." "हे?" "हे नुसतं सुंदर आहे, अब्बा." दादा मान हलवायचे. मधेच त्यांनी भाकरी खाल्ली, चटणीला मीठ कमी असल्याचं सांगितलं, आणि पुन्हा हात धुऊन कात्री धरली.

शेवटचं पोतं रिकामं झाल्यावर फुफीनं तळाशी हात घालून चाचपलं. मग काढलेल्या लग्नपत्रिका पुन्हा एकेक करून पाहिल्या. मला माहीत होतं ती काय शोधतेय. ते आधीच्या पोत्यांत गेलं होतं. पाणी तिथं खोल होतं आणि वरून काहीच दिसत नव्हतं.

"सगळं मिळालं ना?" दादांनी विचारलं. त्यांच्या मांडीवर कागदाच्या कातरणाचे बारीक तुकडे पडले होते.

"मिळालं, अब्बा," फुफी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादा आमच्याबरोबर आले. इस्त्रीचा कोट घालून, गठ्ठा स्वतः धरून. सरांनी कांद्याच्या भावांखालून झाडं काढली, पट्ट्या वाचल्या, आणि निम्म्याहून अधिक बाजूला ठेवली. आज त्या कपाटात ती आहेत. जिल्ह्याचं नाव बदललं, कॉलेजची इमारत बदलली, सर गेले, फुफी आणि दादाही गेले. पण चिठ्ठ्यांवर "जैबुन्निसा" पूर्ण लिहिलेलं आहे, आडनावासकट. मी मधून मधून जाऊन बघते. तिथला शिपाई मला वनस्पतिशास्त्रातली कुणीतरी समजतो आणि मीही त्याला तसं समजू देते.

तर झाडं बाजूला ठेवून झाल्यावर सरांनी चष्मा काढला. "आणि ते काळ्या फुलाचं? मी खरं त्याचीच वाट बघत होतो."

मी दादांकडे पाहिलं नाही. फुफीनंही पाहिलं नाही.

"ते मला नीट वाळवता आलं नाही, सर," ती म्हणाली. "सडलं."

सर हळहळले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की अशी रसाळ झाडं वाळता वाळत नाहीत, कागदातसुद्धा जगतात. आधी क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, मग दाबायची. पुढच्या खेपेला तसं करा. फुफीला हे सलालाच्या दुसऱ्याच वर्षी म्हातारीच्या चहाच्या पातेल्यात कळलं होतं, आणि पुढची खेप नव्हती. पण ती खुर्चीच्या कडेवर बसून, मान हलवत, पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत होती.

"नीट ऐक," दादा म्हणाले, आणि सरांकडे वळून माफी मागितल्यासारखं हसले. "लहानपणापासून हिचं असंच आहे, साहेब. सगळ्यात घाई."

"हो अब्बा," फुफी म्हणाली. "घाईच झाली."